परतीची खेप

बेबीला बेबी म्हणायचं कुणी सोडलंच नाही. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी गल्लीतली पोरंसोरं तिला बेबीआजी म्हणत आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर ती सांगे, "वेळ झाला नाही." ते अगदीच खोटं नव्हतं. उभं आयुष्य तिनं एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवण्यात घालवलं. पुढच्या खोलीत डॉक्टर लोकांच्या तोंडात डोकावत, मागच्या खोलीत बेबी त्या तोंडांचे प्लास्टरचे ठसे समोर मांडून बसे. मेण वितळवायचं, गुलाबी हिरड्या घडवायच्या, एकेक दात जागेवर बसवायचा. "इथल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या हातचं आहे," असं ती म्हणे, आणि रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की चेहऱ्याच्या आधी तिची नजर त्याच्या दातांवर जाई.

काम सुटल्यावर ती थोरल्या भावाकडे राहायला आली. दादा तिच्याहून चांगला बारा-तेरा वर्षांनी मोठा. वहिनी जाऊन बरेच दिवस झाले होते, मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता आणि बायकोमुलांसह शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दादा एकटाच होता. खालून दिवसभर रबराच्या सोल्यूशनचा वास वर यायचा. बेबी आली, तिनं आल्या आल्या खिडक्या पुसल्या, दादाचा मोडका रेडिओ भंगारात दिला आणि त्यावरून दोघांचं पहिलं भांडण झालं. म्हणजे बस्तान नीट बसलं.

दादा सगळ्या शहराला माहीत होता तो बसचा ड्रायव्हर म्हणून. पण बसच्या आधी, मिसरूड फुटायच्या वयात, तो नौदलात होता आणि एका लढाईत त्यानं लँडिंग क्राफ्ट चालवलं होतं. लँडिंग क्राफ्ट म्हणजे सपाट बुडाची, खोक्यासारखी होडी. मोठं जहाज खोल पाण्यात थांबतं, सैनिक दोरांच्या जाळीवरून या खोक्यात उतरतात, खोकं त्यांना किनाऱ्याला नेतं, तिथं त्याची पुढची भिंत धाडकन खाली पडते आणि तीच उतरायची फळी होते. माणसं त्या फळीवरून पुढे पळतात. खोकं मागे वळतं. मागे सुकाण्यावर जो उभा असतो तो दादा.

लढाई संपवून तो घरी आला तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "तू काय केलंस रे तिथं?" दादा म्हणाला, "होडी चालवली." लोकांना याहून जास्त काहीतरी हवं होतं. ते मिळालं नाही, तेव्हा त्यांनी आपल्या मनानं भर घातली. दादाच्या लग्नात जेवायच्या पंगतीत मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमचा भाचा मोठा शूर! माणसं किनाऱ्यावर सोडली आणि हा पळाला!" पंगत हसली. दादाही हसला. बेबी तेव्हा परकर नेसणारी पोर, हातात पाण्याचा तांब्या घेऊन वाढत होती. तिनं तो तांब्या मामाच्या मांडीवर सरळ उपडा केला. पाठीत धपाटा बसला, कान पिरगाळला गेला, "मामाची माफी माग" म्हणून आईनं दामटलं. बेबीनं तोंड उघडलं नाही. मामाचा राग तर तिला आला होताच. पण खरा राग आला होता तो दादा हसला त्याचा.

पुढे "सोडलं आणि पळाला" हे घराण्यात जणू दादाचं आडनावच झालं. बारशाला, बाराव्याला, कुठंही चार माणसं जमली की कुणीतरी ते काढायचं, आणि दादा मूग गिळून बसायचा, नाहीतर सगळ्यांबरोबर हसायचा.

त्या खोक्याचा डबा घरात आला तो भाच्यामुळे, दादाच्या मुलामुळे. दादाच्या वाढदिवसाला त्यानं मोठ्या हौसेनं भेट आणली. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायचं लँडिंग क्राफ्टचं मॉडेल. "बाबा, तुमची होडी!" डब्याच्या झाकणावर रंगीत चित्र होतं: फळी पडलेली, सैनिक उड्या मारतायत, मागे धूर, जाळ, आणि सगळ्यांचे चेहरे कसे अगदी न्हाऊनमाखून निघाल्यासारखे. दादानं चित्राकडे पाहिलं. "छान आहे," म्हणाला. मुलगा गेल्यावर त्यानं तो डबा कपाटावर, अगदी मागे, भिंतीला टेकवून सरकवला.

बेबीनं तो बरेच दिवस तिथं राहू दिला. मग एका दुपारी स्टूल ओढलं आणि डबा खाली काढला.

"ठेव ते वर," दादा खुर्चीतून म्हणाला.

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"तू सांगितलंस म्हणून मी शाळा पुरी केली, तू सांगितलंस म्हणून दवाखान्यात कामाला लागले. आता पुरे. हे मी उघडणार."

"बेबी, मला ते घरात नकोय."

"मग डोळे मीट."

दादाचा आवाज आयुष्यात क्वचितच चढला असेल. त्या दिवशी चढला. खालचा सायकलवाला पंप मारायचा थांबला, इतका. बेबीनं सगळं ऐकून घेतलं आणि कात्रीनं डब्याची चिकटपट्टी कापली.

आत करड्या प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीला फांदीला पानं असावीत तसे बारीक बारीक भाग चिकटलेले. बेबीला वाटलं, हे तर आपल्या हातचा मळ. तिच्याकडे दवाखान्यातली हत्यारं होतीच: बारीक कानशी, मेणाच्या सुऱ्या, चिमटे, दातावर घासायचे इवलेसे ब्रश. पण या प्लास्टिकनं तिला इंगा दाखवला. कवळीचा माल घट्ट होतो, हे प्लास्टिक गोंद लागला की उलट विरघळतं. पहिल्याच दिवशी होडीच्या डाव्या भिंतीवर तिच्या अंगठ्याचा ठसा रेघारेघांसकट उमटला आणि पुढची फळी तिरपी चिकटून बसली. तिनं ती उचकटली, तेव्हा बिजागरी मोडली. एवढ्या तोंडांची मापं काढलेली बाई, आणि एक फळी सरळ बसेना! तिनं स्वतःला दोन-चार शिव्या दिल्या, कारखान्याला चार-पाच दिल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली.

दादा तिच्याशी बोलत नव्हता. पण दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकाकडे जायचं तर तिच्या टेबलावरूनच जावं लागे. एकदा जाता जाता तो थांबला. बेबी होडीच्या आतल्या बाजूला रंग देत होती, झकास, एकसारखा.

"आत इतकं स्वच्छ नसतं," तो म्हणाला.

बेबीनं मान वर केली नाही. "मग कसं असतं?"

दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग रस्त्याकडे बघतच म्हणाला, "ओकलेलं असतं सगळं. बूड सपाट, त्यामुळं प्रत्येक लाटेवर आपटतं. एक माणूस ओकला की सगळे ओकतात. वर डिझेलचा वास. लाजायला वेळ नसतो कुणाला."

बेबीनं ब्रश बुडवला, काळसर हिरवट रंग पातळ केला आणि त्या झकास रंगावर ओघळ सोडले. "असं?"

"अजून जरा खाली. पाणी तळाशी साठतं."

त्या दिवशी एवढंच. पण मग दर दोन-तीन दिवसांनी दादा टेबलापाशी थांबायला लागला. बेबी विचारायची नाही. विचारलं की तो मिटतो, हे तिला ठाऊक होतं. ती मुद्दाम काहीतरी चुकीचं करून ठेवायची. तो ते सुधारायला यायचा. साखळी ताणून लावली की तो म्हणे, सैल असते. सुकाण्याची जागा मधोमध केली की म्हणे, एका कडेला असते, मागे. असं करत करत एका दुपारी तो स्टूल ओढून बसलाच.

"सुकाण्यावरून तुला काय दिसायचं?" बेबीच्या तोंडून अखेर निसटलं.

"पाठी," दादा म्हणाला. "शिरस्त्राणं आणि पाठी. सगळे पुढं बघत असतात. एखादाच मागं वळून बघतो, माझ्याकडं."

"कशाला?"

"मी होडी वळवतोय का, ते बघायला."

बेबीनं चिमटा खाली ठेवला.

"त्याला वाटतं, हा वळवील कदाचित," दादा म्हणाला. "मी वळवली नाही. नेली सरळ. फळी पाडली. ते गेले. फळी वर घेतली आणि मागं फिरलो. तळाच्या पाण्यात कुणाचीतरी टोपी राहिली होती, ती इकडून तिकडं, इकडून तिकडं. जहाजापाशी आलो तर पुढची माणसं जाळीवर लटकून तयार. ती आधी होडीत बघायची. मग माझ्याकडं. आणि मी म्हणायचो, चला."

एवढं बोलून तो उठला, चप्पल घातली आणि खाली सायकलवाल्याकडे जाऊन बसला. बेबीच्या डोक्यात मात्र चक्र फिरायला लागलं होतं. नंतर बसवर दादा कधी "चला" म्हणत नसे. कंडक्टरनं दोरी ओढली की मगच तो गाडी हलवायचा. कंडक्टर नसला तर सगळे बसेपर्यंत आरशात बघत मुकाट थांबायचा. लोक त्याला मठ्ठ म्हणायचे.

त्या संध्याकाळी तिनं सैनिकांची चौकट उचलून डब्यात परत ठेवली. त्यांना कापून काढलंच नाही. तिनं ठरवलं, ही होडी रिकामी असेल. ही होडी परतीची असेल. फळी वर घेतलेली, तळाशी पाणी, पाण्यात टोपी, आणि मागे सुकाण्यावर एक माणूस.

गंमत म्हणजे डब्यात तो माणूसच नव्हता. सैनिक होते, अधिकारी होता, दुर्बीणवाला होता; होडी चालवणारा कारखान्याला सुचला नव्हता. बेबी खदखदली. "बघ, इथंही कुणाला आठवण नाही!" मग तिनं ठेवणीतला कवळीचा माल काढला, भुकटी आणि द्राव कालवून गोळा केला आणि नखाएवढा माणूस घडवला. माल हिरड्यांचा, त्यामुळे माणूस झाला गुलाबीगार.

दादानं चष्मा पुसून त्याला निरखलं. "हा कोण? नुकता दात काढलेला?"

"रंग दिला की होईल नीट."

"नाक फार मोठं केलंस."

"नाक आहे तसं केलंय. आरशात बघ."

दादा हसला. हे हसणं पंगतीतलं नव्हतं, आणि बेबीला त्यातला फरक बरोबर कळला.

शहरात मॉडेलवाल्यांचं एक मंडळ होतं. त्याचा अध्यक्ष चष्म्याच्या दुकानाचा मालक; मऊ बोलणारा, स्वच्छ नखांचा गृहस्थ. बेबी भिंग घ्यायला त्याच्या दुकानात गेली, बोलण्यातून विषय निघाला, आणि त्यानंच तिला मंडळाची सभासद करून घेतलं. "आमच्यात बायका नाहीतच हो. तुमचं काम प्रदर्शनात मांडा." वार्षिक प्रदर्शन तोंडावर होतं. यंदाचा विषय होता पराक्रम.

बेबीनं दादाला सांगितलं तेव्हा तो पांढरा पडला.

"तुला कुणी सांगितलं होतं माझं चव्हाट्यावर मांडायला?"

"कुणी नाही."

"मी सांगितलं ते तुला सांगितलं. लोकांना नाही."

"लोक तुझ्याबद्दल आयुष्यभर बोलतायत दादा. तू एकटाच बोलला नाहीस. मला ऐकून ऐकून वीट आलाय."

"तुला वीट आला म्हणून?"

"हो. मला आला म्हणून. तुझ्यासाठी करतेय असं मी म्हणणार नाही."

दादानं तोंड फिरवलं. त्यानंतर घरात पुन्हा अबोला. प्रदर्शनाच्या सकाळी बेबी होडी कापसात गुंडाळून एकटीच निघाली.

प्रदर्शन एका क्रीडा मंडळाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होतं. विमानं, रणगाडे, लांबलचक युद्धनौका. सगळ्यांच्या तोफा पुढे रोखलेल्या. बेबीनं आपल्या टेबलावर होडी मांडली. खाली लाकडी पाटी, तिच्यावर निळ्या राळेचा समुद्र, एका कडेला चिमूटभर वाळूचा किनारा, होडीची पाठ किनाऱ्याकडे. अध्यक्ष फिरत फिरत आला, वाकून बघितलं आणि अवघडला.

"बाई, काम सुबक आहे. पण माणसं?"

"उतरली."

"मग किनाऱ्यावर तरी दाखवायची. आणि तोंड उलटं झालंय बघा." असं म्हणून त्यानं पाटी हळूच फिरवली. आता होडी किनाऱ्यावर चाल करून जात होती.

बेबीनं ती परत फिरवली. "उलटं नाही. ती परत चाललीय."

"पण विषय पराक्रम आहे हो. लोक घरी काय घेऊन जातील?"

"जे दिसेल ते."

तो हसून पुढे गेला. बेबी चहा प्यायला खाली उतरली, वर आली तर होडीचं तोंड किनाऱ्याकडे. तिनं फिरवलं. जरा वेळानं ती हात धुऊन आली, तर पुन्हा किनाऱ्याकडे, आणि शेजारी कुणीतरी दुसऱ्याच डब्यातले दोन सैनिक आणून उभे केलेले, बंदुका रोखून. बेबीच्या डोक्यात तिडीक गेली. ती ओरडली मात्र नाही. तिनं डागडुजीसाठी पिशवीत आणलेली भुकटीची बाटली काढली, द्रावाची बाटली काढली आणि चहाच्या कपात दोन्ही कालवलं. हॉलभर दवाखान्याचा उग्र वास सुटला. विमानवाले वळून बघायला लागले. तिनं होडी हवी तशी फिरवली, पाटी उचलली, तो गुलाबी लगदा खाली भरपूर थापला आणि पाटी टेबलावर दाबून धरून उभी राहिली.

अध्यक्ष धावत आला. "अहो, हे काय करताय?"

"हात लावू नका. गरम झालंय."

"टेबल मंडळाचं आहे!"

"असू दे. आता होडीही टेबलाची आहे. फिरवा बरं."

अध्यक्षानं हलवून बघितलं. पाटी हलेना. आणखी दोघांनी जोर लावला, तेव्हा टेबलच करकरलं. कवळ्या घडवायच्या मालात बेबीनं हात राखला नव्हता.

समितीची तिथल्या तिथं सभा झाली. निकाल असा, की बाईंचं नाव स्पर्धेतून काढावं, सभासदत्वही काढावं आणि वस्तू निघत नसेल तर टेबलासकट बाहेर काढावी. चौघांनी टेबल उचललं आणि जिन्याच्या तोंडाशी, व्हरांड्यात नेऊन ठेवलं. बेबीनं हॉलमधली आपली खुर्ची उचलली, टेबलामागे मांडली आणि बसली.

"आता घरी जा ना बाई," अध्यक्ष काकुळतीला आला.

"प्रदर्शन संध्याकाळपर्यंत आहे," बेबी म्हणाली.

झालं काय, की जिन्यानं वर येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीच होडी दिसायला लागली. अध्यक्षानं अखेर सभासदांच्या यादीत बेबीनं दिलेला भाच्याचा फोन लावला: तुमच्या आत्याबाईंना घेऊन जा. भाच्यानं घाबरून बाबांना उचललं आणि दुपारी दोघं येऊन थडकले. दादा जिना चढून वर आला तो धापा टाकत, लालबुंद होऊन.

"बेबी, ऊठ. चल घरी."

"नाही."

"आत्या, शोभतं का हे?" भाचा दबक्या आवाजात म्हणाला.

"मला शोभतं. तुझं तू बघ."

तेवढ्यात जिन्यावरून एक सुटलेल्या पोटाचा माणूस आला. हौशी असावा, गळ्यात कॅमेरा होता. तो होडीवर वाकला आणि खो खो हसला. "अरे वा! रिकामीच? सैनिकांना सोडून पळतेय वाटतं!"

बेबीनं दादाकडे बघितलं. सगळ्या जन्मात तिनं त्याला या वाक्यावर हसतानाच पाहिलं होतं. त्याचा ओठ हललाही. पण हसू आलं नाही.

"पळत नाहीय," दादा म्हणाला.

"काय म्हणालात?"

"पळत नाहीय ती. आणखी माणसं आणायला चाललीय." दादानं टेबलाची कड धरली. "मी चालवत होतो. ही नाही, पण अशीच. तीन खेपा केल्या. न्यायचं सोपं होतं. नेताना ती माणसं सोबत असायची. परत येताना एकटा. आणि परत आल्यावर पुढच्यांना चला म्हणायचं, तेही मीच. तुम्हाला पळायचं असतं तर त्या होडीतून कुठं पळाला असतात हो? मागं जहाज, पुढं किनारा."

माणसाचा कॅमेऱ्यावरचा हात खाली आला. "माफ करा. मला ठाऊक नव्हतं."

"कसं असणार? मी सांगितलंच नाही कुणाला." मग दादाचा आवाज चढला, आणि तो कुणा एकासाठी नव्हता. "सगळे म्हणत आले, सोडलं आणि पळाला. मी हसायचो. का हसायचो कुणास ठाऊक! आजपासून नाही हसणार. ज्याला म्हणायचंय त्यानं माझ्या तोंडावर म्हणावं!"

हॉलच्या दारात माणसं गोळा झाली होती. अध्यक्ष पुढे आला आणि चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला. भाचा बापाकडे बघत होता, पहिल्यांदाच बघितल्यासारखा. बेबी उठली आणि खुर्ची दादाकडे सरकवली. दादा बसला. ती टेबलाला टेकून उभी राहिली. संध्याकाळपर्यंत दोघं हलली नाहीत.

बक्षीस एका युद्धनौकेला मिळालं. चार दिवसांनी अध्यक्ष स्वतः घरी आला. तो वाईट माणूस नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "बाई, समितीचं म्हणणं, एवढं झालं ते झालं. तुम्ही माफी मागा, सभासदत्व पुन्हा देतो."

"टेबलाची मागते," बेबी म्हणाली. "टेबल खराब केलं, ते चुकलंच. होडीची नाही मागणार."

"दोन्हीची मागायची आहे."

"मग चहा घ्या, आणि समितीला नमस्कार सांगा."

त्यानं चहा घेतला. जाताना दारात घुटमळला आणि दादाला म्हणाला, "साहेब, बाई नसताना मीच फिरवली होती ती. दोन्ही वेळा." दादा म्हणाला, "माहितेय. आत्ताच तुमच्या चेहऱ्यावर दिसलं." टेबल मात्र मंडळाला ठेवून उपयोग नव्हता. शेवटी भाचा, सायकलवाला आणि अध्यक्षाच्या दुकानातला कारागीर अशा तिघांनी ते भर रस्त्यातून उचलून आणलं, वर होडी, पुढे बेबी रहदारीला हात दाखवत. घराच्या जिन्यात ते वळेना, म्हणून सायकलवाल्यानं दुकानात, पंपाशेजारी, जागा करून दिली. हवा भरायला थांबलेली गिऱ्हाइकं विचारायची, हे काय? सायकलवाला वर तोंड करून हाक मारायचा, आणि दादा खाली उतरायचा.

एका रविवारी भाचा आला तो वर न येता खालीच बसला, जुन्या टायरांच्या ढिगावर. बेबी थोड्या वेळानं जिन्यात आली आणि शेवटच्या पायरीवर थबकली. दादा मुलाला तिसऱ्या खेपेबद्दल सांगत होता. त्या खेपेत मागे वळून बघणारा एक पोरगा होता आणि फळी पडल्यावरही तो उतरला नव्हता. कोपऱ्यात बसून राहिला होता. अधिकारी पुढे निघून गेला होता. दादानं त्याला बघितलं आणि फळी वर घेतली. त्याला तसाच परत आणला, जहाजावर चढवला आणि आजारी आहे म्हणून सांगितलं. "चुकलं का बरोबर, अजून कळत नाही," दादा म्हणत होता. "पण त्याला मी चला म्हटलं नाही."

भाचा गेल्यावर बेबीनं दादाला जिन्यातच गाठलं.

"हे मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कुठं विचारलंस? तू आपली बांधत सुटली होतीस."

"मी रिकामी केली ती होडी! त्यात तो पोरगा हवा होता!"

"पहिल्या दोन खेपा रिकाम्याच होत्या. तुझी होडी दुसऱ्या खेपेची समज."

"दुसरी कशी समजू? माझ्या मनात तिसरीच होती."

"मग तुझं तू बघ."

बेबी वर गेली, भांडी आदळत चहा टाकला, आणि गुलाबी भुकटीची बाटली उन्हात धरून किती उरलीय ते बघत राहिली.